साक्षगंधातलं किट

आमच्या आरोग्य केंद्रात मलेरियाच्या किटची पहिली खोकी उतरली, त्या दिवशी मी घरी जाऊन माझ्या मायक्रोस्कोपसाठी नवं कव्हर शिवलं. जुन्या साडीचं, लाल काठाचं. कव्हर पाहून आमचे डॉक्टर हसले आणि म्हणाले, सवत आली की पहिली बायको नटते ती अशी. मी काही हसले नाही. लॅब टेक्निशियन म्हणून रक्ताच्या काचा पाहण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं होतं, आणि आता एक प्लास्टिकची पट्टी येऊन मला काम शिकवणार होती.

मी मूळची गडचांदूरची. वडील सिमेंटच्या कारखान्यात होते, त्यामुळे लहानपणी धूळ झटकणं हेच आमचं रोजचं व्यायामशास्त्र. नोकरी लागली ती आलापल्लीच्या अलीकडच्या जंगलात, जिथे धूळ कमी आणि डास फार. इथे ताप आला की सगळ्यात आधी हिवतापाचा संशय घ्यायचा. बोटाला सुई टोचायची, काचेवर दोन ठिकाणी रक्त घ्यायचं. एक थेंब जाडसर गोल पसरायचा, म्हणजे किडा असेल तर तिथे सापडतो. दुसरा पातळ ओढायचा, म्हणजे किडा कोणत्या जातीचा ते कळतं. मग काच वाळवायची, रंगवायची, धुवायची आणि तेलाचा थेंब टाकून भिंगाखाली धरायची.

वाळवायला ठेवलेल्या काचांची मला सगळ्यात जास्त काळजी असायची. माणसाचं रक्त जेवढं डासाला आवडतं, तेवढंच मुंग्यांनाही आवडतं. नवीन होते तेव्हा एकदा मी काचा टेबलावर ठेवून जेवायला गेले. परत येऊन पाहते तर मुंग्यांनी थेंबांचा मधला भाग चाटूनपुसून साफ केलेला. तेव्हापासून माझ्या ट्रेचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांमध्ये उभे असतात. नवीन माणूस आला की विचारतो, हे काय व्रत आहे का?

तर ही किटं आली, आणि त्यांना कडेवर घेऊन मिरवणारी आमची आशाताई. आरोग्य केंद्र ज्या गावात आहे त्याच गावची सून आणि तिथलीच आशा कार्यकर्ती. चपळ, बोलकी, खोटं बोलायला न शिकलेली. तिला किट इतकं आवडलं की भांड्याच्या दुकानातली बाई ताटं दाखवते तसं ती ते लोकांना दाखवायची.

"बाई," ती मला म्हणायची, "तुमची काच वाळते, रंगते, आंघोळ करते, तवरिक माझ्या किटनं निकाल देऊन पेशंटनं गोळीबी गिळली असते."

हे खोटं नव्हतं, म्हणून जास्त राग यायचा. पूर्वी नाल्यापलीकडच्या गावातून काच माझ्यापर्यंत यायची ती बसच्या कंडक्टरच्या हातून, काडेपेटीत. पावसात नाला भरला की बसही यायची नाही. माझा निकाल परत पोचेपर्यंत ताप तरी गेलेला असायचा नाहीतर माणूस तरी. किटला मात्र ना वीज लागते ना मी. घरच्या ओसरीवर थेंबभर रक्त, वर थोडं पाणी औषधाचं, आणि पंधरा मिनिटांत रेघ. एक रेघ आली तर काही नाही, दोन आल्या तर हिवताप. त्या रेघेनं कितीतरी लेकरं वेळेत गोळ्यांपर्यंत पोचली, हे मी कबूल करते. आशाताईच्या तोंडावर मात्र कधी केलं नाही.

तिला मी एकच गोष्ट वारंवार सांगायचे. "तुझं किट किडा पाहत नाही गं. किड्यानं रक्तात सोडलेली खूण पाहतं. चूल विझली तरी घरात धूर राहतो की नाही? किट धूर हुंगतं. चुलीत निखारा आहे का हे पाहायला माझीच काच लागते."

"धूर आहे म्हंजे जाळ आहेच," ती म्हणायची. "माझं किट खोटं बोलत नाई."

या वाक्यानेच पुढे तिचा घात केला.

तिचा एक धाकटा दीर होता. शांत, कामसू, हसला तर कानापर्यंत हसणारा. धान कापणीच्या दिवसांत त्याला ताप भरला. किटवर दोन रेघा, माझ्या काचेवर किडे, म्हणजे वाद घालायला जागाच नव्हती. वहिनीनं समोर बसून गोळ्या गिळायला लावल्या. ताप उतरला आणि पोरगा पुन्हा धानाचे भारे वाहू लागला. त्याची सोयरीक आधीच ठरलेली होती, चामोर्शीकडच्या एका मुलीशी. दोघांनी एकमेकांना चामोर्शीच्या बाजारात पाहिलं होतं, आणि पाहणं एकदाच झालं नसावं असा माझा अंदाज आहे. मार्गशीर्षात साक्षगंध ठरलं. आमच्याकडे साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात. खरं तर ते मुलीकडे व्हायचं, पण तिच्या मामाचं घर बांधकामाला काढलेलं, म्हणून पाहुणेच इकडे आले.

मुलगी मामाच्या घरी वाढलेली होती. ती लहान असताना तिच्या बापाला ताप आला, डोक्यात चढला, आणि दवाखान्याच्या वाटेवरच तो गेला. तेव्हापासून बहीण आणि भाची दोघींना मामानं सांभाळलं. माणूस दांडगा, मिशा भरघोस, खांद्यावर गुलाबी दुपट्टा. मांडवात पाय ठेवल्यापासून तो स्वतःच्या तब्येतीबद्दलच बोलत होता. आयुष्यात सुई टोचून घेतली नाही, दवाखान्याची पायरी चढली नाही, दरवर्षी बांबू कटाईला जंगलात जातो आणि वाघासारखा परत येतो. मला हे ऐकून हसू येत होतं, पण समोर बुंदीचे लाडू होते, तेव्हा मी लाडवांकडे लक्ष दिलं.

मुलगा पाटावर बसला. कपाळाला कुंकू लागणार, एवढ्यात मामानं त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"पोरगा पिवळा दिसून राह्यला. बिमार-गिमार होता काय?"

मुलाच्या आईनं "नाई, उन्हानं" अशी सुरुवात केली होती. ते तसंच राहू दिलं असतं तर हे लिहायची वेळच आली नसती. पण आशाताई मध्ये पडली.

"होता नं भाऊ. हिवताप झालता कापणीच्या टायमाले. गोळ्या घेतल्या, आता एकदम फस्क्लास. विश्वास नसन तर थांबा, दाखवतो."

आणि तिने खुंटीवरची पिशवी काढली. ती काय करणार हे माझ्या लक्षात आलं. अरे देवा, नको! पण तोंडात अख्खा लाडू. मी हातवारे करेपर्यंत नवरदेवाच्या बोटाला सुई टोचून झाली होती. गोळ्या घेतल्यावर काही आठवडे किट वापरायचं नाही, तोवर धूर असतोच, हे तिला प्रशिक्षणात सांगितलेलं होतं. पण साक्षगंधाच्या मांडवात प्रशिक्षण कोणाला आठवतं? दिराची बाजू राखायची होती आणि किटची शानही.

पाटावर नवरदेवाच्या शेजारी किट ठेवलं गेलं. दोन्हीकडचे पाहुणे भोवती वाकले. पोहे गार झाले. कुणी लग्नाचा मुहूर्त काढायला इतकं टक लावून पंचांगाकडे पाहत नसेल. एक रेघ उमटली, तशी आशाताई हसली. मग हळूहळू दुसरी उमटली, आणि तिचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, काढून घ्यायला विसरल्यासारखं.

मामा उठला. आवाज चढवला असता तर मी भांडले असते. पण तो हळू बोलला.

"एका तापानं माया बहिनीचं कुंकू पुसलं. दुसऱ्या तापाच्या घरात मी भाची देत नाई. चल पोरी, उठ."

आतल्या खोलीच्या दारात मुलगी नव्या साडीत उभी होती. तिनं मामाकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिची आई तिच्यामागे भिंतीला धरून उभी. मुलगा पाटावरून उठलाच नाही. टोचलेलं बोट दुसऱ्या हातात धरून तो त्या किटकडे पाहत बसला होता. मला त्या पोराची इतकी दया आली की लाडू गिळून मी सरळ मामासमोर जाऊन उभी राहिले.

"भाऊ, ती रेघ जुन्या तापाची आहे. किडे मेले असले तरी ती दिसते."

"बाई, रेघ आहे का नाई?"

"आहे, पण..."

"तुमचीच आशाताई म्हनते, किट खोटं बोलत नाई. मंग?"

आशाताईनं पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, "किट खोटं बोलत नाही, तेवढंच पूर्ण खरंही सांगत नाही. चला माझ्या लॅबमध्ये. त्याच्या रक्तात एक जरी जिवंत किडा दिसला तर मी स्वतः सांगते, सोयरीक मोडा. नाही दिसला तर मुकाट्यानं कुंकू लावायचं."

बोलून गेले आणि लगेच पस्तावले. कारण गोळ्या घेऊनही क्वचित एखाद्याच्या रक्तात किडा तग धरतो. तसं निघालं असतं तर माझ्याच तोंडानं या पोराचं लग्न मोडलं असतं. पण शब्द तर गेला होता.

मांडवातून वरात निघावी तसे आम्ही सगळे आरोग्य केंद्राकडे निघालो. पुढे मी, मागे कुंकू लागायचं राहिलेला नवरदेव, त्याच्यामागे दोन्हीकडचे पाहुणे, आणि सगळ्यात शेवटी, पिशवी मांडवात विसरून, आशाताई. रस्त्यात लोक विचारत होते, लग्न आहे काय?

मी मुलाची काच घेतली. मामा माझ्या खांद्यावरून पाहत होता.

"मले कसं समजन बाई? तुमी म्हनान नाई आहे, मी कसा मानू? साफ रक्त कसं दिसते ते तर मी पायलंच नाई."

"मग काय करायचं?"

त्यानं बाही वर सारली आणि हात माझ्यापुढे धरला. "माया रक्ताचीबी एक काच बनवा. बाजूबाजूले ठेवा. माह्यासारख्या ठणठणीत मानसाचं रक्त पाहू, मंग पोराचं पाहू. फरक दिसनच."

धान्य घेताना दोन मुठी शेजारी धरून पाहतात, तसा हा हिशेब. मला तो आवडला. आयुष्यात सुई न टोचलेल्या त्या माणसानं सुई लागताच "आई गं" केलं, आणि नवरदेव त्या दिवशी पहिल्यांदा कानापर्यंत हसला. मग घाईनं तोंड मिटलं.

काचा पाण्यात उभ्या ट्रेवर वाळत ठेवल्या. त्या वाळेपर्यंतची वेळ फार वाईट गेली. पाहुणे व्हरांड्यात बाकावर, अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे, मध्ये एक रिकामं बाक. शिपायानं चहा आणला. मामानं इकडच्या घरचा चहा नको म्हणून सांगितलं. शिपाई म्हणाला, हा सरकारी आहे. तेव्हा घेतला.

काचा रंगवल्या, धुतल्या. माझं लाल काठाचं कव्हर काढलं. तेलाचा थेंब टाकून आधी मुलाची काच लावली. रंगानं जांभळ्या झालेल्या पांढऱ्या पेशी, मधे रंगाचे कण, आणि बाकी मोकळं शेत. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर काच सरकवत गेले. नेहमी पाहते त्याच्या दुप्पट पाहिलं. एकदा एक ठिपका दिसला तर हातच थांबला, पण तो रंगाचा होता. किडा नव्हताच. कुठेच नव्हता. इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि भिंगाला डोळा लावलेला असताना ते फार अडचणीचं असतं.

मग चष्मा पुसला, आणि मामाची काच लावली. खरं तर ती पाहायचीही गरज नव्हती, नुसतं त्याला दाखवण्यापुरती होती.

पहिल्याच जागेवर विळ्याच्या पात्यासारखं एक वाकडं, निळसर काहीतरी होतं. मी काच सरकवली. आणखी एक. पुढे आणखी दोन. काचेवरचा नंबर पाहिला. मामाचाच.

हिवतापाच्या एका वाईट जातीत हे विळे तयार होतात. माणसाला ते ताप देत नाहीत, म्हणून माणसाला कळतही नाही. ते रक्तात नुसते डासाची वाट पाहत बसतात. डास चावला की त्याच्या पोटात जातात आणि तिथून पुढच्या माणसाकडे. मांडवातला सगळ्यात ठणठणीत माणूस हिवताप खांद्यावर घेऊन फिरत होता.

हे मोठ्यानं सांगायची गोष्ट नव्हती. मी दाराशी जाऊन "मामांनी एकट्यांनी आत यावं" म्हटलं आणि पडदा ओढला. आधी मुलाची काच दाखवली, मग मामाची. त्यानं एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"हे विळे कोनाचे?"

"तुमचे."

मिशा थरथरल्या. "काचा बदलवल्या तुमी! पोराची माह्या नावावर लावली!"

आता मात्र माझा पारा चढला. काच बदलली म्हणतो मला! मी पडद्याबाहेर डोकं काढून आशाताईला आत बोलावलं आणि कपाटातलं नवं किट तिच्या हातात दिलं. "घे. यांच्याच डोळ्यांसमोर फोड, यांचंच बोट, यांचंच रक्त. यांचा किटवर विश्वास आहे ना."

आशाताईनं जन्मात कधी इतक्या काळजीनं किट लावलं नसेल. आम्ही तिघं टेबलावर कोपरं टेकून बसलो. पहिली रेघ आली. दुसरी येईना. मामाच्या चेहऱ्यावर रंग परत आला. मला याचीच धास्ती होती, कारण फार थोडे किडे असले की किटला ते कधी कधी सापडत नाहीत. तेवढ्यात आशाताईनं किट खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं.

"आहे. पाहा बाई. आहे नं."

इतकी फिकट रेघ की केस पडल्यासारखी. पण होती. काच आणि किट त्या दिवशी पहिल्यांदा एकच गोष्ट बोलले, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून हसणारच होतो.

पण मामा स्टुलावर खचला होता. इतका मोठा माणूस एकदम अर्धा झाला. मला वाटलं आता स्वतःबद्दल विचारेल, काय होईल, किती दिवस, सुई लागेल का. त्यानं ते काहीच विचारलं नाही.

"पोरगी माह्याच घरी निजते, बाई," तो म्हणाला. "दोघीबी. त्यायले तर नसन नं झालं?"

माझा सगळा राग त्या एका वाक्यानं गेला. बहिणीचा नवरा तापानं गेला म्हणून हा माणूस मुलीसाठी जिथेतिथे ताप हुडकत फिरला होता, आणि ताप त्याच्याच अंगावर बसून त्याच्याच घरी गेला होता. मी त्याच्यासमोर दुसरं स्टूल ओढून बसले.

"कधी अंग दुखलं होतं का?"

"बांबू कटाईवर असताना. दोन दिवस. दुकानातून एक गोळी आनून घेतली, गेलं."

म्हणजे ताप देणारे किडे मेले, विळे तेवढे राहिले. "आणि सरकारी मच्छरदाणी मिळाली होती ना घरी?"

"भेटली होती."

"कुठे आहे ती?"

"तळ्यात."

"तळ्यात?"

"मासोळ्या लय चांगल्या भेटते तिच्यात," तो खाली मान घालून म्हणाला.

आशाताई तोंड फिरवून हसली. मीही हसले असते, पण त्याचे डोळे पडद्याकडे, बाहेर बसलेल्या त्या दोघींकडे लागले होते. मी मुलीला आणि तिच्या आईला आत बोलावलं. दोघींची किटं लावली, काचाही घेतल्या. मामा व्हरांड्यात गेला नाही. ट्रेपासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून ट्रेपर्यंत येरझारा घालत राहिला, आणि एकदा तर वाटीतलं पाणी कमी दिसलं म्हणून मुंग्यांच्या भीतीनं स्वतःच भरून आला. किटवर दोघींची एकेकच रेघ. पण तो आता किटवर थांबायला तयार नव्हता.

"काच पाहा बाई. काच पाह्यल्याबिगर सांगू नोका."

काच पाहिली. दोघींचं रक्त स्वच्छ होतं. मी मान वर करून "काही नाही" म्हटलं, तशी ती आई मुलीला धरून रडायलाच लागली. मुलीनं तिचे डोळे पुसले आणि मामाचेही पुसले. तालुक्याहून परतलेल्या डॉक्टरांनी मामासाठी तीन दिवसांच्या गोळ्या लिहिल्या.

यानंतर मामा बाहेर गेला. मी त्याला सांगितलं होतं की कोणाला काही सांगायची गरज नाही. पण त्यानं व्हरांड्याच्या मध्ये उभं राहून, दुपट्ट्यानं नाक पुसून, सगळ्यांना सांगितलं.

"पोराच्या अंगात काईच नाई. ताप मले आहे. मीच आनला."

सगळ्यांत आधी बोलली ती आशाताई. सकाळपासूनची लाज तिला फेडायची होती. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता आमालेबी इचार करा लागते भाऊ. तापाच्या घरची पोरगी करावं का नाई?"

मामाचा चेहरा पडला. नवरदेव एकदम म्हणाला, "वहिनी, पुरे!" त्याचा इतका मोठा आवाज त्याच्या घरच्यांनी कधी ऐकला नव्हता. मग तो लाजला, आणि सगळेच हसले. रिकाम्या बाकावर कोणीतरी जाऊन बसलं.

त्या हसण्यातच मुलगी पहिल्यांदा सगळ्यांसमोर बोलली. आशाताईकडे पाहून, अगदी साध्या आवाजात.

"ताई, मामाच्या गोळ्या इथीच द्या. घरी नेल्या तर मामा उशीखाली ठेवते आन् घेतली म्हनते."

"काय बोलतं पोरी!" मामा म्हणाला. "सोयऱ्याच्या घरी तीन दिवस राहू काय मी?"

"त्याले काय होते?" मुलगी म्हणाली. मान खालीच होती, पण मला तिचे डोळे दिसले. मामा तीन दिवस या घरचं जेवला की सोयरीक कोणाच्या बापाच्यानं मोडत नाही, हे त्या पोरीला पक्कं कळलं होतं. वाद्यं वाजायच्या आधीच अर्धं लग्न तिनं लावून टाकलं.

दिवस मावळायच्या आत कुंकू लागलं. पाहुणे गेले आणि मामा राहिला. ते तीन दिवस मी रोज कामाच्या निमित्तानं त्या घरावरून गेले. आशाताई त्याच्यासमोर पाण्याचा गिलास घेऊन बसलेली. "घाला तोंडात. गिळा. आ करा. जीभ वर करा. खालीबी दाखवा." मिशावाला माणूस शाळेतल्या पोरासारखा आ करायचा. उपाशीपोटी गोळी चालत नाही म्हणून नवरदेव आधी स्वतः तांदळाची पेज करून आणायचा, वर मिठाचा खडा आणि मिरचीचा ठेचा. पहिल्या दिवशी मामा भिंतीकडे तोंड करून प्याला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, मीठ कमी आहे. तिसऱ्या दिवशी दोघं मिळून गोठ्याभोवतीचं कुडाण बांधत होते, आणि मामा त्याला बांबू कसा चिरायचा ते शिकवत होता.

लग्न माघात झालं, मामाच्या नव्या घरासमोर. मी आशाताईची किटची पिशवी आधीच माझ्या लॅबमध्ये कुलपात टाकून गेले होते. ती रागावली, पण रागावू द्या. नवरदेवाच्या बोटाला यावेळी सुई लागणार नव्हती.

जेवणं झाली आणि मुलीची पाठवणी निघाली. मामानं दिलेलं आंदण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मांडलं होतं. भांडी, कपाट, सागवानी पलंग. पलंगावर चार बांबू उभे केलेले, आणि त्यांना एक नवी, मोठी, गुलाबी मच्छरदाणी बांधलेली. सगळं गाव हसत होतं. कोणीतरी ओरडलं, "भाऊ, मासोळ्या धराले देऊन राह्यले काय?" मामाही हसला. मला पाहून जवळ आला आणि म्हणाला, "बाई, मी काल तुमच्याकडे काच देऊन गेलो होतो. पायली काय?"

"पाहिली. विळे गेले."

त्यानं दोन्ही हात वर करून जोडले, मला की आभाळाला ते कळलं नाही.

ट्रॅक्टर सुरू झाला. मुलगी आईच्या आणि मामाच्या गळ्यात पडून रडली, पुढे जीपमध्ये जाऊन बसली. तेवढ्यात तिची आई ट्रॉलीवर चढली. लोक म्हणाले, माय, उतर, उशीर होऊन राह्यला. तिनं ऐकलं नाही. पलंगाच्या चारी बाजूंनी फिरून तिनं ती मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली, कोपरा कोपरा हातानं दाबून पाहिला. आत कोणीच नव्हतं. तरी कुठे फट राहिली नाही ना हे तिनं पुन्हा एकदा वाकून पाहिलं, आणि मगच खाली उतरली.